खिडकीतून उतरलेली वायर

आमच्या इमारतीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. मोठी माणसं बंबवाले म्हणतात, मुलं बंबवाले आजोबा, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चिडल्या की जिन्यात येऊन विचारतात, "आमचा बंब कुणी पाहिला का?" अग्निशमन दलात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर गणवेश कपाटात गेला, पण नाक आणि कान काही कपाटात ठेवता आले नाहीत. घरात बसले तर पंख्याचा आवाज कालच्यापेक्षा वेगळा येतोय का ते ऐकत बसणार. जिना उतरताना प्रत्येक दाराशी थबकून वास घेणार. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध करपलं तर घरच्यांच्या आधी यांना कळायचं, आणि दार उघडेपर्यंत यांचं बोट बेलवरून हटायचं नाही.

जिन्यात कुणी चपलांचं कपाट ठेवलं की त्यांचा आवाज चढायचा. धुरात माणूस भिंत चाचपडत उतरतो, मग हे कपाट त्याच्या पोटात बसतं आणि तो तिथेच राहतो, असं ते सांगायचे. सांगताना हाताने भिंत चाचपडून दाखवायचे. एकदा ते पाहिलं की कपाट ठेवायची कुणाची छाती व्हायची नाही. लोक पाठीमागे हसायचे, पण कपाटं आत घ्यायचे.

या माणसाला एका जागी बसवणं काकूंना कधी जमलं नाही. वर्तमानपत्र उभ्याने वाचायचे. जेवताना दोनदा उठून गॅसची चावी बघून यायचे. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे नोकरीत असताना ते असे नव्हते. आगीवर जाऊन आले की अंघोळ करून ढाराढूर झोपायचे. हा चाळा लागला तो नोकरीच्या अगदी शेवटाला लागलेल्या एका आगीनंतर.

ती आग विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या दुकानातली. दुकानदाराने मागच्या कोंदट खोलीत विकायच्या आणि दुरुस्तीच्या अशा सगळ्या गाड्या दाटीवाटीने लावल्या होत्या, आणि एकाच बोर्डाला सगळ्या जोडून ठेवल्या होत्या. बंबवाल्यांच्या तुकडीने आग विझवली. जळालेले सांगाडे ओढून अंगणात आणले, त्यांच्यावर पुन्हा पाणी मारलं. धूर थांबला. बंबवाल्यांनी आपल्या हाताखालच्या एका जवानाला सांगितलं, जरा बघून ये, थंड झालंय का. तो वाकला, आणि विझलेल्या सांगाड्यातून फुसफुस आवाज येऊन ज्वाळा उठली. जवान वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. बंबवाले रुग्णालयात त्याच्या खाटेपर्यंत गेले, तिथूनच परत फिरले, आणि नंतर कधी त्याच्याकडे गेले नाहीत. आयुष्यभर त्यांचा एक हिशोब होता: आग विझते. ती विझवलेली आग उठली आणि त्यांच्या मनातला तो भरवसा गेला.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर सिस्टर राहतात, त्या आणि त्यांची म्हातारी आई. रुग्णालयातली नोकरी सोडून सिस्टर घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करतात. जखमा धुणं, नळ्या बदलणं, इंजेक्शनं, अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून देणं. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर फिरणं. त्यांची जुनी पेट्रोलची गाडी रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त असायची. शेवटी ती विकून त्यांनी विजेवर चालणारी एक छोटी, वापरलेली गाडी घेतली. मग इमारतीच्या कमिटीकडे रीतसर मागणी केली: खाली पार्किंगमध्ये माझ्या जागेवर चार्जिंगची सोय करून घेते, मीटर माझा, खर्च माझा.

बैठकीत सगळे तसे राजीच होते. आमचे सेक्रेटरी, म्हणजे तळमजल्यावरचे शिवणकामाचं दुकान असलेले गृहस्थ, त्यांनी मंजुरीचं वाक्य लिहायला पेन उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात बंबवाले उभे राहिले. त्यांनी ती दुकानातली आग सांगितली. ओरडले नाहीत, हातवारे केले नाहीत, जसं झालं तसं सांगितलं. फुसफुस आवाज कसा येतो तेसुद्धा तोंडाने करून दाखवलं. मग वर छताकडे बोट केलं आणि म्हणाले, पार्किंगच्या वर आपण सगळे झोपतो, आणि उतरायचा जिना एकच आहे.

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांचे हात नकाराच्या बाजूने गेले, माझाही.

सिस्टरांनी एवढंच विचारलं, "काका, मग गाडी चार्ज कुठे करू, तेही सांगा."

"ते मला माहीत नाही," बंबवाले म्हणाले. "माझ्या इमारतीखाली नाही."

त्यानंतर सिस्टरांचा दिवस त्या गाडीभोवती फिरायला लागला. हमरस्त्यावर मोठ्या दुकानाच्या आवारात एक चार्जिंगचं ठिकाण होतं. तिथे कधी रांग, कधी यंत्र बंद, कधी यंत्र चालू पण त्याला लागणारं अ‍ॅप बंद. बंबवाले बाजारात जाता-येता त्यांना पाहायचे. गाडीचं दार उघडं टाकून मांडीवर डबा घेऊन बसलेल्या असायच्या, मध्येच कुणा पेशंटला फोन करून उशीर होतोय म्हणून सांगायच्या. बंबवाले रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे.

पण घरात तोंड चुकवता येत नव्हतं. काकूंच्या पायाला साखरेमुळे जखम झाली होती, चिघळली होती, आणि रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी सिस्टर वर येऊन ती धुवून पट्टी बांधून द्यायच्या. बैठकीच्या दुसऱ्या दिवशीही आल्या. नेहमीसारखंच पायाचा वास घेतला, नेहमीसारखंच काकूंना गोड खाल्लं का म्हणून दटावलं. बंबवाल्यांना पाणी गरम करायला सांगितलं. बैठकीचा विषय निघाला नाही. तो काढला काकूंनी, सिस्टर गेल्यावर.

"तिने दोन शब्द सुनावले असते ना, तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "तुम्हालाही आणि मलाही."

बंबवाले उठून गॅसची चावी बघायला गेले.

असे काही महिने गेले. मग एका दुपारी, ऊन तापलेलं असताना आणि सगळी इमारत पेंगत असताना, बंबवाल्यांच्या नाकाला वास लागला. भाजीचा नाही, कचऱ्याचा नाही. रबर तापल्याचा, गोडसर, घशाला चिकटणारा. बनियनवरच ते बाहेर पडले. जिना वरपासून खालपर्यंत हुंगला. मीटरच्या खोलीत काही नव्हतं. पार्किंगमध्ये काही नव्हतं. वास मात्र कधी यायचा, कधी जायचा. मुलं बघून हसायला लागली होती. ते वळसा घालून इमारतीच्या मागे गेले.

मागच्या बाजूला सांडपाण्याच्या पाइपाला चिकटून, बारकाईने पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी, एक पांढरी वायर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली उतरली होती. जागोजागी दोऱ्याने पाइपाला बांधलेली. खाली आल्यावर ती जुन्या पायपुसण्याखालून गेली होती आणि मागच्या बोळात भिंतीलगत उभ्या असलेल्या सिस्टरांच्या गाडीपर्यंत पोचली होती. मध्ये जोड होता, चिकटपट्टी गुंडाळलेला, पाऊसपाणी लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घातलेला. पिशवी आतून वितळून वायरला चिकटली होती. बंबवाल्यांनी हाताची उलटी बाजू जवळ नेली आणि झटकन मागे घेतली.

ते जिन्याने वर धावले. त्या वयात ते कसे धावले ते त्यांनाही सांगता येत नाही. सिस्टरांच्या आईने दार उघडलं. तिला ऐकू कमी येतं, तिला वाटलं हे साखर मागायला आलेत. तिला बाजूला सारून ते स्वयंपाकघरात गेले. खिडकीजवळच्या प्लगभोवतीची भिंत तपकिरी झाली होती. प्लगच्या खाली गॅसची शेगडी. त्यांनी आधी मुख्य बटण बंद केलं, मग सिलिंडर बंद केला, मग म्हातारीला हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. आणि तिच्या शेजारी स्वतः बसले. म्हातारीने त्यांना पाणी दिलं.

सिस्टर आंघोळ करून बाहेर आल्या. समोर बंबवाले आणि हातात पाण्याचा पेला. त्यांना कळायला काही सांगावं लागलं नाही.

बंबवाले खूप बोलले. आयुष्यात कुठल्या बेफिकीर दुकानदाराला बोलले नसतील असं बोलले. तू दवाखान्यातली बाई, तुला अक्कल नाही का, आई ऐकू न येणारी, ती आत आणि तू आंघोळीला, असं सगळं. सिस्टरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते दमल्यावर त्या बोलल्या.

"हमरस्त्यावरचं मशीन आठवडाभर बंद आहे. आज संध्याकाळी टेकडीपलीकडे एका बाईंची नळी बदलायची आहे. ती तुंबली तर त्यांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही नाही म्हणालात आणि घरी गेलात, काका. मला नाही म्हणून घरी जाता येत नाही."

बंबवाले खाली गेले, दोरे तोडून वायर ओढून काढली, गुंडाळी केली आणि आपल्या घरी नेऊन माळ्यावर टाकली. त्या संध्याकाळी सिस्टर टेकडीपलीकडे रिक्षाने गेल्या. सेक्रेटरींना काही सांगितलं नाही. काकूंना सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं की ही वायर मीच टांगली म्हणायची.

मग त्यांना कुठे चैन पडेना. आधी वास घेत फिरायचे, आता वास नसतानाही फिरायला लागले. दिवसातून कितीदा तरी मागे जाऊन खिडकीकडे मान वर करून बघायचे. शेजारच्या इमारतींच्या मागेही जायला लागले आणि तिथे त्यांना आणखी वायरी दिसल्या. एक गच्चीवरून, एक दुकानाच्या शटरखालून. ज्या ज्या ठिकाणी खाली सोय नाकारली होती, तिथे ती मागून आली होती. एका ठिकाणी त्यांनी वायर कुणाची म्हणून विचारलं तर तिथल्या रखवालदाराने त्यांना हाकलून लावलं.

शेवटी एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या केंद्रावर गेले. त्यांना नव्या गाड्यांबद्दल कुणाला तरी विचारायचं होतं. दारावरच्या माणसाने सांगितलं, त्याचं प्रशिक्षण आत मागच्या खोलीत चालतं, साहेब तिथेच आहेत. बंबवाले खोलीत गेले. फळ्यासमोर उभा असलेला साहेब वळला. तो तोच जवान होता, एका डोळ्यावर काळी पट्टी, गालावर भाजल्याची चकाकी.

बंबवाले दारातूनच परत फिरणार होते. त्याने हाक मारली, "सर, आत या. किती वर्षांनी."

दोघं बाकावर बसले. बंबवाल्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता इमारतीचं सगळं सांगितलं, बैठक, नकार, वायर. तो ऐकत होता. मध्ये त्याने चहा मागवला आणि बंबवाल्यांनी तो तसाच हातात धरून ठेवला. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला की आमच्या घरी विजेचीच स्कूटर आहे, बायकोने घेतली, ती चालवते आणि मी मागे बसतो.

"तू बसतोस?" बंबवाल्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"बसतो. सर, मला गाडीने नाही भाजलं. कोंदट खोली, एक बोर्ड, त्याच्यावर दहा गाड्यांचा भार, आणि आपल्याला तेव्हा या आगीची माहिती नव्हती. तुम्हालाही नव्हती, मलाही नव्हती. आज मी पोरांना सांगतो की याच्यापासून लांब राहा, खूप पाणी मारा, बराच वेळ लक्ष ठेवा. तेव्हा हे आपल्याला सांगायला कुणी होतं का?"

मग त्याने विचारलं की पेट्रोलच्या गाड्या आपण जन्मभर विझवल्या, त्यांच्यासाठी कुठल्या इमारतीत जाऊन कधी नाही म्हणालात का. बंबवाल्यांनी मान हलवली. ते त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पेट्रोलची भीती जुनी होती, घरातली होती, तिच्याशी त्यांचं जमून गेलं होतं.

त्याने धोका नाही असंही म्हटलं नाही. जागा मोकळी हवी, जिन्यापासून आणि दारापासून लांब हवी. मीटरपासून थेट वेगळी जाड वायर, चांगलं अर्थिंग, गडबड झाली तर आपोआप बंद पडणारं बटण, आणि गाडीला ठोकर बसली असेल तर आधी ती दाखवून आणायची, मग लावायची. मधला जोड, घरातला प्लग, पिशव्या, हे काही चालायचं नाही. बंबवाले निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी बंबवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. काय बोलले ते त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नाही.

तरी त्यांची खात्री पटेना. ऐकून खात्री पटणाऱ्यातला तो माणूसच नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर पट्टी बांधून निघाल्या तेव्हा त्यांनी विचारलं, आज मी बरोबर येऊ का? सिस्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, ने बाई, मला तरी दुपारची झोप मिळेल.

तो दिवस बंबवाल्यांनी नंतर आम्हाला अनेकदा सांगितला. गाडीत बसल्यावर पहिला तास ते हुंगत होते. इंजिनाचा आवाज नाही म्हणून त्यांना गाडी बंद पडल्यासारखं वाटायचं. मग त्यांचं लक्ष समोरच्या छोट्या पडद्यावरच्या आकड्याकडे गेलं, गाडीत किती चार्ज उरला ते सांगणाऱ्या. तो उतरायला लागला तसा त्यांचा जीव वर-खाली व्हायला लागला. एक पेशंट झाला, दुसरा झाला. ते सिस्टरांची पिशवी घेऊन मागे मागे जात होते. उकाडा मरणाचा होता पण सिस्टरांनी गाडीतला एसी बंद ठेवला होता, तेवढीच चार्जची बचत. हमरस्त्यावरच्या ठिकाणी गेले तर यंत्रावर "बंद" असं हाताने लिहिलेला कागद. सिस्टर खाली उतरल्याही नाहीत, गाडी वळवली.

"आता?" बंबवाल्यांनी विचारलं.

"आता चढ येतो. चढावर उतरतो आकडा, उतारावर थोडा वाढतो. बघू."

टेकडीपलीकडच्या त्या बाईंकडे पोचेपर्यंत आकडा इतका खाली आला होता की पडद्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. बाई अंथरुणाला खिळलेल्या, पण तोंडाने खणखणीत. त्यांचा मुलगा म्हणाला, ओसरीवर प्लग आहे, लावा की. सिस्टरांनी पिशवीतून चार्जरची वायर काढली. बंबवाल्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली. आधी प्लग बघितला, मग त्यामागची वायर कुठून येते ते घरभर फिरून बघितलं, मीटर बघितला, मुलाला फ्रिज आणि पाण्याचा पंप बंद करायला लावला. पलंगावरच्या बाईंनी विचारलं, हे विजेच्या ऑफिसातून आलेत का? मग गाडी लावली. सिस्टर आत नळी बदलत होत्या आणि बंबवाले ओसरीवर प्लगला हात लावून बसले होते, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. प्लग गार होता. ते उठायचे, दोन येरझाऱ्या घालायचे, पुन्हा हात लावायचे. गारच होता. परत येताना ते फार बोलले नाहीत. उतारावर आकडा खरंच थोडा वाढला तेव्हा मात्र म्हणाले, "अरेच्चा."

पुढच्या बैठकीत विषय त्यांनी मांडला. आपणच भरवलेली भीती आता आपणच काढायची, आणि ते काही सोपं नव्हतं. ते बोलायला लागले की लोक एकमेकांकडे बघायचे. सेक्रेटरी म्हणाले, "बंबवाले, तुम्हीच तर फुसफुस करून दाखवलंत. माझी बायको अजून मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत बसते."

बंबवाल्यांनी सांगितलं की इमारतीखाली नकोच, त्याला आजही माझा विरोध आहे. मग कुठे, तर मागच्या भिंतीजवळ मोकळ्यावर. तिथे जागा कुणाची आहे, असा प्रश्न आला. आवारात मोकळ्यावर मोटार मावेल अशी एकच जागा होती आणि ती बंबवाल्यांची होती, त्यांची जुनी पेट्रोलची स्कूटर तिथे उभी असायची. ती जागा मी सगळ्यांना देतो, ते म्हणाले. तरी लोक हलेनात. कशाला नसती ब्याद, आजवर चाललंय ना, असं कुणीतरी म्हणालं.

"चाललंय म्हणजे कसं चाललंय ते मी पाहिलंय," बंबवाले म्हणाले. "मागच्या खिडकीतून वायर उतरली होती. तापून वितळली होती. अजून थोडा वेळ गेला असता तर आपण आज इथे बसलो नसतो."

एकच गलका झाला. कुणाची खिडकी, कुणाची वायर, दंड लावा, नाव सांगा. बंबवाले नाव सांगेनात. सेक्रेटरींनी आवाज चढवला तेव्हा मागच्या खुर्चीवरून सिस्टर उठल्या. "माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोय नाकारलीत, गरज नाकारता आली नाही. माझी चूकच होती. काका वर आले नसते तर माझी आई गेली असती." आणि त्यांचा आवाज कापला. वर्षानुवर्षं आमच्यापैकी अनेकांची इंजेक्शनं त्यांनी रात्री-अपरात्री येऊन दिली होती, तेव्हाही त्यांचा आवाज कधी कापलेला आम्ही ऐकला नव्हता.

दंडाचं कुणी पुन्हा काढलं नाही. हात वर झाले, सगळे नाहीत, पण पुरेसे.

मंजुरी मिळाली म्हणजे काम झालं असं आम्हाला वाटलं. विजेच्या ऑफिसने सांगितलं, तुमच्या इमारतीचा भार आधीच जास्त आहे, तपासणी करावी लागेल. तपासणीचा माणूस येईना. बंबवाले रोज तिथे जायला लागले. तिथले कारकून त्यांना लांबून बघूनच जागेवरून उठायचे. मग माणूस आला, तर म्हणाला केबल बदला. वायरमन मिळाला, तर त्याने स्वस्तातली वायर आणली. ती बंबवाल्यांनी नखाने दाबून बघितली आणि रस्त्यापर्यंत त्याच्या मागे जाऊन परत करायला लावली. तोवर सिस्टर तशाच वणवण करत होत्या, आणि त्या घरी यायला उशीर झाला की बंबवाले गच्चीवर कठड्याला धरून उभे. काकू खालून ओरडायच्या की ती लहान नाही, या खाली. ते यायचे नाहीत.

अखेर भिंतीशी चार्जिंगची पेटी बसली, वर पत्र्याचं छोटं छप्पर, शेजारी वाळूच्या बादल्या, पाण्याचा नळ आणि बंबवाल्यांच्या हस्ताक्षरातली नियमांची पाटी. पाटी इतकी लांब आहे की वाचेपर्यंत गाडी निम्मी चार्ज होते, असं सेक्रेटरी म्हणतात. पहिल्या दिवशी सिस्टरांनी गाडी लावली आणि बंबवाले तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत राहिले. सिस्टरांनी दोनदा येऊन सांगितलं, काका, घरी जा, काही होत नाही.

"होत नाही ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला बसू दे."

त्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही ते उठून पेटीला हात लावून येतात. पण आता त्या पेटीवर सिस्टरांच्या पाठोपाठ चौथ्या मजल्यावरच्यांची गाडी येते, आणि सेक्रेटरींनी दुकानाचा माल पोचवायला विजेची स्कूटर घेतली आहे. तिची वायर कुठे सोलली आहे का, तिला ठोकर बसली आहे का, हे बंबवाले रोज बघतात आणि सेक्रेटरी रोज वैतागतात. यांची स्वतःची पेट्रोलची स्कूटर आता इमारतीखाली उभी असते. काकूंनी एकदा विचारलं, "पेट्रोल आणून माझ्या अंथरुणाखाली ठेवलंत, आता?" तेव्हापासून ते स्कूटर विकायच्या गोष्टी करतात, पण विकवत नाही.

गेल्या महिन्यात पलीकडच्या इमारतीतून, जिथल्या रखवालदाराने त्यांना हाकललं होतं, तिथल्या कमिटीची माणसं आली. आमच्याकडेही अशीच पेटी बसवायची आहे, जरा बघून सांगा म्हणाली. बंबवाल्यांनी एकडोळ्या साहेबाला फोन करून बोलावून घेतलं. दोघं त्यांचं तळघर फिरले, आणि इथे बसवू देणार नाही म्हणून सांगून आले. मोकळ्यावर जागा करायची तर त्यांना बाग थोडी कापावी लागेल. बाग लावणारी बाई ऐकायला तयार नाही. बंबवाले तिच्याकडे चारदा जाऊन आले. आज सकाळी पुन्हा निघाले तेव्हा काकूंनी विचारलं, जेवायला किती वाजता येणार. त्यांनी चपला घालता घालता सांगितलं, ती दार उघडते का त्यावर आहे.